स्थळप्रत

गेली काही वर्षे माझ्या पर्समध्ये एक पावतीपुस्तक असते. शंभर पावत्यांचे, प्रत्येक पान दुहेरी, मधल्या टिंबांच्या रेषेवर फाडायचे. उजवीकडची पावती देणाऱ्याला, डावीकडची स्थळप्रत आपल्याकडे. या पुस्तकाने माझ्या सामाजिक आयुष्यात काही सूक्ष्म बदल घडवून आणले आहेत. बाजारात समोरून येणारी ओळखीची माणसे अकस्मात भाजीच्या गाड्यापाशी थांबून दुधी निरखू लागतात. लग्नसमारंभात माझ्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी राहते. एका जुन्या विद्यार्थ्याने तर मला रस्त्यात वाकून नमस्कार केला, आणि उठता उठताच ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे बाई’ असे सांगून टाकले. मी तोवर काही बोललेही नव्हते.

चिपळूणला आमच्या घराजवळ एक बालवाडी आहे. एका महिला मंडळाने ती चाळीसेक वर्षांपूर्वी सुरू केली. मंडळातल्या बहुतेक जणी आता नाहीत, मंडळही कागदोपत्रीच आहे, बालवाडी मात्र चालू आहे. एका देवळाच्या मागचा सभागृहवजा पत्र्याचा हॉल, चौतीस मुले, दोन शिक्षिका, एक मदतनीस मावशी. मुलांचे आईवडील बाजारात हमाली करणारे, मासळी विकणारे, बांधकामावर जाणारे; काही जणी घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या. सरकारी अंगणवाडी आहे, पण ती महामार्गाच्या पलीकडे, आणि तो महामार्ग तीन वर्षांच्या मुलाचा हात धरून रोज दोनदा ओलांडणे म्हणजे काय, हे त्या रस्त्याकडे एकदा पाहिले की कळते.

२०१७ साली मी महाविद्यालयातून निवृत्त झाले. तीस वर्षे मराठी शिकवल्यावर आता निवांत वाचावे, थोडे लिहावे असा बेत होता. महिन्याभरात बालवाडीच्या समितीच्या बैठकीला बोलावणे आले. खजिनदार वारले होते. ‘तुमचं अक्षर चांगलं आहे, पावत्या तुम्ही लिहा,’ एवढ्या एका गुणावर माझी निवड झाली. हिशोबाशी माझा संबंध तोवर दूधवाल्याच्या कार्डापुरताच होता. असो.

पहिल्याच आठवड्यात मी सगळा हिशोब एका फुलस्केप कागदावर मांडून पाहिला. आकडे तेव्हापासून थोडे वाढले, पण त्यांचे परस्परांशी नाते तेच आहे, म्हणून अलीकडचे देते. दोघी शिक्षिकांना महिना साडेचार हजार प्रत्येकी, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. मावशींना अडीच हजारांप्रमाणे ३०,०००. हॉलचे भाडे १२,०००. मुलांचा खाऊ वर्षातले दोनशे दिवस, दिवसाला दोनशे रुपये, म्हणजे ४०,०००. वीज, खडू-कागद, लेखापरीक्षण मिळून १४,०००. एकूण २,०४,०००. जमेची बाजू : फी महिना अडीचशे, दहा महिने, चौतिसांपैकी बावीस जणच ती देऊ शकतात, म्हणजे ५५,०००. तूट १,४९,००० रुपये, दरवर्षी, न चुकता. इतक्या पैशात आजकाल एक बरी मोटरसायकलही मोठ्या मुश्किलीने येते. पण मोटरसायकल एकदाच घ्यायची असते. ही तूट दर जूनमध्ये नव्याने जन्माला येते.

शिक्षिकांना आम्ही जे देतो त्याला ‘मानधन’ म्हणतात. हा शब्द कोणी शोधला मला माहीत नाही, पण शोधणाऱ्याला भाषेचे मर्म चांगले उमगले असावे. ज्यात ‘मान’ पुरेसा नाही आणि ‘धन’ तर नाहीच, अशा रकमेला या दोन शब्दांचा जोड लावून सगळ्यांनीच आपापली सोय करून घेतली आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिथल्या सेविकांच्या मेहनतान्यालाही मानधनच म्हटले गेले. शिक्षण हक्काचा २००९चा कायदा सहा ते चौदा या वयांसाठी आहे. सहाच्या खालच्यांसाठी राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदात, २००२च्या दुरुस्तीनंतर, राज्य प्रयत्नशील राहील एवढे आश्वासन आहे. प्रयत्नशील राहणे आणि पगार देणे यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आमच्यासारख्या बालवाड्या उभ्या आहेत, आणि त्या जागेत पावतीपुस्तक घेऊन फिरावे लागते.

आपल्याकडे या फिरण्याची परंपरा मोठी आहे, आणि ती मी शिकवलेलीही आहे; म्हणजे वर्गात, खुर्चीत बसून. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे. तरुणपणी त्यांनी गावासाठी मुरूड फंड काढला, पुढे अनाथ बालिकाश्रमासाठी वर्षानुवर्षे वर्गणी मागितली, आणि १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवे मंडळ स्थापन करून ते पुन्हा दारोदार हिंडू लागले. मुलांना हे सांगताना माझा आवाज किंचित भारावलेला असे. आता वाटते, अण्णासाहेबांना पाहूनही कोणी दुधी निरखत असेल का? त्यांच्या चरित्रात आपण जमलेल्या रकमा वाचतो; न उघडलेली दारे कोणी मोजून ठेवत नाही.

आम्ही पहिला प्रयत्न केला तो २०१८च्या दिवाळीत, फराळाचा. कल्पना कोणालाही सुचेल अशीच होती आणि म्हणूनच ती सर्वांना एकदम पटली. चकली, शेव, चिवडा, करंज्या, बेसनाचे लाडू. आठ दिवस, रोज चार तास, नऊ बायका देवळाच्या भटारखान्यात. भाजणीचा खमंग वास, सोऱ्यावरून झालेली भांडणे (‘तुमची चकली काटेरी येत नाही’ हे वाक्य दोन घरांत अबोला धरायला पुरेसे असते), पहिल्या घाण्याला फसलेल्या करंज्या. एकूण साठ किलो माल गेला. विक्री २७,०००, सामान, गॅस, पिशव्या, डबे यांचा खर्च १५,४००, नफा ११,६००. बैठकीत टाळ्या वाजल्या. मी नवी खजिनदार, उत्साहाच्या भरात आणखी एक भागाकार करून बसले. नऊ बायका, आठ दिवस, चार तास, म्हणजे २८८ तास. अकरा हजार सहाशे भागिले २८८. ताशी चाळीस रुपये.

हा आकडा मी बैठकीत सांगितला नाही. पण त्या नऊ जणींत दोघी आमच्या शिक्षिका होत्या आणि एक मावशी. सकाळी मुले सांभाळून दुपारी त्या कढईपुढे उभ्या राहत होत्या, आणि जमलेल्या पैशांतून आम्ही त्यांनाच मानधन देणार होतो. स्वतःच्या पगारासाठी स्वतः चकल्या तळणे, हे निधिसंकलन की आणखी काही, याचे उत्तर माझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला आजवर कळलेले नाही. ज्यांच्या ओट्यांवरून नारळ आला, ज्यांनी तूप घरून आणले, त्यांच्या पावत्या फाडल्या. श्रमाची पावती फाडायची पद्धत नाही.

आपण भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगची गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली हे नेहमी सांगतो, आणि डोळे पुसतो. मला हल्ली ती गोष्ट ऐकली की थोडा रागही येतो. लक्ष्मीबाईंवर नव्हे. संस्थेचा खर्च भागत नाही असे दिसले की घरातल्या बाईच्या गळ्याकडे हात जातो, आणि पुढच्या पिढ्या त्याला त्यागाचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहितात, या आपल्या सवयीवर.

रद्दीचा प्रयोग अधिक सौम्य होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन रिक्षा करून घरोघरीची वर्तमानपत्रे गोळा करायची आणि रद्दीवाल्याला घालायची. सुरुवातीला बरे चालले. २०२०च्या टाळेबंदीत अनेक घरांतली वर्तमानपत्रे बंद झाली ती पुन्हा सुरू झाली नाहीत, आणि आमचे उत्पन्नही आटले. रद्दीत पुस्तके येत. घरातला वाचणारा माणूस गेला की त्याचे कपाट वर्षाच्या आत आमच्या रिक्षात येई. जुने दिवाळी अंक, मुखपृष्ठ नसलेल्या कादंबऱ्या, समासात पेन्सिलीने खुणा केलेले समीक्षाग्रंथ. मी ती बाजूला काढी, किलोच्या भावाने पैसे डब्यात टाकी आणि घरी नेई. बालवाडीच्या तुटीने माझे ग्रंथालय समृद्ध केले, हे कबूल करायला हवे. ज्या माणसाच्या खुणा वाचत मी त्या रात्री जागले, त्याच्या मुलाला मी एकशे दहा रुपयांची पावती दिली होती.

नाटकाच्या प्रयोगाबद्दल फार लिहीत नाही. गावातल्याच हौशी मंडळींनी दोन एकांकिका केल्या. तिकिटे खपली कमी आणि पास मागितले गेले फार. हाती आले ३,२०० रुपये. लकी ड्रॉची कल्पना एका उत्साही सदस्याने मांडली, पहिले बक्षीस मिक्सर. आमच्यातल्या वकील काकांनी चष्मा काढून शांतपणे सांगितले की अशी खाजगी सोडत काढणे हा गुन्हा आहे, आणि बालवाडीच्या समितीला अटक झाल्याची बातमी निधीच्या दृष्टीने उपयोगी पडेल असे त्यांना वाटत नाही.

तांदळाची गोष्ट मात्र सांगायला हवी. भाऊरावांच्या मुष्टिफंडावरून मलाच सुचली होती. वाडीतल्या आणि आसपासच्या चाळीस घरांत एकेक डबा दिला. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ डब्यात टाकायची, महिन्याने मावशी गोळा करतील. पैसे मागताना जी दारे अर्धवट उघडत ती या वेळी पूर्ण उघडली. मूठभर तांदूळ द्यायला कोणी नाही म्हटले नाही; बालवाडीत ज्यांची फी माफ होती त्या घरांतल्या डब्यांत सर्वांत जास्त तांदूळ निघाला. महिनाअखेर मोठ्या पातेल्यात सगळे एकत्र केले आणि मी अभिमानाने बाईंकडे पाहिले. (मोठ्या शिक्षिकेला आम्ही सगळे नुसते ‘बाई’ म्हणतो, मी तीस वर्षे बाई होते, पण तिथे गेल्यावर ‘मॅडम’ झाले.) बाईंनी एक मूठ तळहातावर पसरली. त्यात रेशनचा होता, कोलम होता, उकडा होता, कोणाकडचा बासमतीचा तुकडा होता, कोणाचा नवा, कोणाचा जुना. ‘हे शिजायचं कसं मॅडम?’ त्या म्हणाल्या. ‘एकाचं पीठ होईल तोवर दुसरा कच्चाच राहील.’

त्या दिवशी मला एकीचे बळ या विषयावर माझ्याकडून आजवर जे काही बोलले गेले ते आठवले आणि ओशाळायला झाले. पण बाईंनी तो तांदूळ परत केला नाही. बराचसा जात्यावर भरडून कण्या केल्या. कण्यांची पेज सगळ्यांची सारखीच होते. उरलेला एका पसरट परातीत ओतला, चार वाट्या, दोन गाळणी आणि एक छोटी बाटली ठेवली, आणि मुलांना बसवले. वाटीतून बाटलीत, बाटलीतून वाटीत. सगळा हॉल गप्प झाला. एक मुलगी, जी तीन आठवडे आईच्या नावाने रडत होती, ती पाऊण तास एकही दाणा न सांडता ओतत बसली.

या ओतण्याच्या खेळासाठी माँटेसरी पद्धतीच्या साधनांची किंमत मी एकदा विचारली होती, आणि ती ऐकून फोन हळूच ठेवला होता. ताराबाई मोडकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीचे तत्त्व ठेवून साधने त्यांनी गावातून घेतली : बिया, शिंपले, दगड, पाने, मातीची भांडी. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. निधी कसा जमवावा याबरोबरच निधीची गरज कुठे नाही हे ओळखण्याची ती बुद्धी होती. फक्त एक सावधगिरी घ्यायला हवी, आणि समितीतल्या पुरुष सदस्यांना ती वारंवार सांगावी लागते : साधने स्वस्तात होतात म्हणून बाई स्वस्तात होत नाहीत. शिंपले समुद्रावर फुकट मिळतात. ते तीन वर्षांच्या मुलापुढे कधी ठेवायचे आणि कधी काढून घ्यायचे हे जाणणारे माणूस तसे मिळत नाही.

मग २२ जुलै २०२१ आला. वाशिष्ठीचे पाणी पहाटे बाजारपेठेत शिरले आणि चढतच गेले. बालवाडीत पाणी छताच्या पत्र्याला हातभर अंतर ठेवून थांबले होते, हे भिंतीवरच्या रेषेवरून नंतर कळले. परात, वाट्या, चित्रांची पुस्तके, लाकडी ठोकळे, माझी दोन जुनी पावतीपुस्तके, सगळे गेले. चार दिवसांनी आम्ही फावडी घेऊन चिखल काढायला उभ्या राहिलो तेव्हा आजूबाजूच्या दहा घरांतली भांडी एकमेकांत मिसळून गाळात रुतलेली होती. मावशी एकेक भांडे काढत, पदराने पुसत, आणि कडेवरचे नाव वाचत.

इथे मला एक जुना अपराध कबूल करायचा आहे. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून देण्याच्या आपल्या रिवाजाची मी आयुष्यभर टिंगल केली. ‘सौ. अमुक यांजकडून’, ‘कै. तमुक यांच्या स्मरणार्थ’. देणाऱ्याचा अहंकार तांब्याच्या पोटावर कोरलेला, वगैरे वगैरे. त्या दिवशी आमची अकरा पातेली आणि दोन डबे परत मिळाले ते केवळ त्या कोरलेल्या नावांमुळे. ज्या भांड्यांवर नावे नव्हती, जी कोणा निरहंकारी दात्यांनी दिली होती, ती कोणाची हे कधीच ठरले नाही.

पुरानंतर मदत आली आणि ती अशी आली की आम्ही गोंधळून गेलो. पैसे आले. कपड्यांची अकरा पोती आली. अडीच वर्षांच्या मुलांसाठी दोनशेपानी वह्या आणि कंपासपेट्या आल्या. पत्रे बदलून मिळाले, फरशी झाली, भिंतींवर हत्ती-जिराफ रंगवून झाले. वर्षभर मला कोणाच्या दारी जावे लागले नाही. २०२२च्या जूनमध्ये मी पुन्हा फुलस्केप कागद घेतला आणि पाहिले : नवी फरशी, नवे छप्पर, आणि तीच तूट. छपराला पैसे मिळतात, कारण छप्पर उडालेले फोटोत दिसते आणि नवे छप्परही फोटोत दिसते. महिन्याच्या एक तारखेला बाईंच्या हातात पाकीट पडणे हे फोटोत दिसत नाही. बाकावर नाव घालता येते, पगारावर घालता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीसाठीही आम्ही हातपाय मारले. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के खर्चायला लावले आहेत खरे, पण त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी, प्रकल्प अहवाल, परिणामांचे मोजमाप. ‘तुमच्या बालवाडीचा परिणाम काय?’ असे एका तरुण अधिकाऱ्याने अतिशय नम्रपणे विचारले. मी म्हटले, मुले रडायची थांबतात. त्याने ते लिहून घेतले नाही.

त्याच वर्षी ‘एक दिवसाचा खाऊ’ सुरू झाला, आणि आजवरच्या सगळ्या कल्पनांत तोच टिकला. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा निमित्ताने पाचशे रुपये द्यायचे. दोनशेचा खाऊ, तीनशे मानधनाच्या खात्यात. ही विभागणी पावतीवर स्पष्ट छापली. भिंतीवर मोठे कॅलेंडर लावले, ज्याचा जो दिवस त्या चौकटीत नाव. काही महिन्यांतच ते कॅलेंडर गावाच्या मनाचा नकाशा होऊन बसले. पितृपक्षाच्या पंधरवड्यात एकेका चौकटीत तीन-तीन नावे, मुलांना खीर नको नकोशी झालेली. दिवाळीच्या आधी गर्दी. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की त्यांचीही मागणी. तेव्हा बालवाडीला सुट्टी असते असे सांगितले की ते हिरमुसतात. आणि जुलै कोरा. भर पावसात कोणाला काही साजरे करावेसे वाटत नाही. पूर येऊन गेल्यापासून तर त्या महिन्याकडे पाहायलाही लोक नाखूष असतात.

देणारे यायचे तेव्हा सोबत मोबाइल असे. मुलांना ओळीत बसवायचे, वाट्या पुढे धरायला लावायच्या, ‘काकांना थँक्यू म्हणा’. पहिल्या दोन-तीन वेळी मी गप्प राहिले. पाचशे रुपये हे पाचशे रुपये असतात. बाईंनी मला न विचारता एक नियम केला : पाहुण्यांनी यावे, पण जमिनीवर बसावे, स्वतः वाढावे, आणि फोन कपाटावर ठेवावा. ‘जेवताना आपण कोणाकडून फोटो काढून घेतो का?’ एवढेच त्यांनी विचारले. दोन जणांनी दिलेले दिवस परत घेतले. एक आजोबा मात्र दर महिन्याला येऊ लागले, पैसे न देता, नुसते वाढायला.

२०२३च्या गणपतीत एक गृहस्थ आले. मूळचे आमच्याच पंचक्रोशीतले, मुंबईला व्यवसायात नाव कमावलेले. मुलांमध्ये थोडा वेळ बसले, आणि पाच लाख रुपये देऊ म्हणाले. बालवाडीला त्यांच्या आईचे नाव द्यायचे, दारावर संगमरवरी पाटी. पुढच्या वर्षापासून इंग्रजी माध्यम. उद्घाटनाला मुलांचा नाच. पाच लाख म्हणजे आमच्या तीन वर्षांच्या तुटीहून अधिक. समितीची ती बैठक तीन तास चालली. मी पाटीला विरोध केला आणि चांगले अर्धा तास बोलले : चाळीस वर्षांपूर्वी ज्या बायकांनी पदरमोड करून ही बालवाडी उभी केली त्यांचे नाव कुठेच नाही, आणि आता पैसे टाकून कोणी... वगैरे. वकील काकांनी मध्येच थांबवून विचारले, ‘१९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले तेव्हा अण्णासाहेब कर्व्यांनी काय केलं?’ मला उत्तर ठाऊक होते. त्यांनी ठाकरसींच्या आईचे नाव विद्यापीठाला दिले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आणि शंभर वर्षांत त्या नावाची चार इंग्रजी अक्षरे झाली. तिथे शिकणाऱ्या किती मुलींना नाथीबाई आठवत असतील कोण जाणे. मी तरीही हट्ट सोडला नाही.

बाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांना समितीत मत नाही, फक्त हजर राहायचे. त्या म्हणाल्या, ‘नाव लावा की मॅडम. आपल्या पोरांना कुठं वाचता येतं?’

सगळे हसले, मीही हसले. मग त्या म्हणाल्या, ‘इंग्रजीचं मात्र मला जमायचं नाही. मला काढून दुसरी ठेवायची असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी जूनच्या आधी दुसरं काम बघते.’ आता कोणी हसले नाही. तीन तासांत आम्ही अस्मिता, परंपरा, पालकांची मागणी, २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने मातृभाषेबद्दल काय म्हटले आहे, या सगळ्यावर बोललो होतो. माध्यम बदलले की बाई जातील, हे आमच्यापैकी कोणाच्याही बोलण्यात आले नव्हते. माझ्याही नाही. आणि मी तर त्यांच्या मानधनाचा हिशोब दर महिन्याला लिहीत होते.

पत्र मीच लिहिले. पाटी मान्य, नाव आनंदाने देऊ. माध्यम मराठीच राहील, शिक्षिका याच राहतील, नाच होणार नाही. उत्तर यायला दोन महिने लागले. लिफाफ्यात एक लाखाचा धनादेश होता, आणि चार ओळी : पाटीचा आग्रह नाही, उरलेल्याचा विचार इंग्रजीचा निर्णय झाल्यावर करू. ते एक लाख आम्ही मुदत ठेवीत टाकले. वर्षाचे सात हजारांच्या आसपास व्याज येते, म्हणजे एका शिक्षिकेचे दीड महिन्याचे मानधन. संगमरवरवाल्याचे दरपत्रक अजून फायलीत आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये तिमाही हिशोब लावताना माझ्या लक्षात आले की जुलैत खाऊचा खर्च जवळजवळ शून्य दिसतो. कॅलेंडर कोरे होते हे मला माहीत होते. पण कोऱ्या दिवसांचा खर्च सर्वसाधारण खात्यातून व्हायला हवा होता. दुकानाची बिले नव्हती. मला वाटले, मावशी बिले द्यायला विसरल्या. त्यांना विचारले तर त्या बाईंकडे बघू लागल्या.

‘खात्यात किती उरलेत ते तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडम,’ बाई म्हणाल्या. ‘घरी नाचणी होती. सत्त्व केलं. एकदोन दिवस केळी आणली, परसातलीच.’

मी म्हटले, बावीस दिवस? त्या म्हणाल्या, मोजले नाहीत.

मी मोजले. बावीस दिवस, दोनशे रुपये, चार हजार चारशे. त्यांच्या एका महिन्याच्या मानधनाहून शंभर रुपये कमी. मी तिथेच बसून पावती लिहिली, त्यांचे पूर्ण नाव, अक्षरी रक्कम, कारण : खाऊ, जुलै. रेषेवर फाडून पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही. एक मुलगा त्यांच्या पदराला धरून उभा होता, त्याची चड्डी ओली झाली होती. त्याला घेऊन त्या मागच्या मोरीकडे गेल्या. पावती मी परत पुस्तकात, तिच्या स्थळप्रतीशेजारी ठेवली. टाचणी लावली आहे, पडू नये म्हणून.